पदराआडची मिश्री

घाटघर, २ डिसेंबर २००४

ठकू,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमच्या वारूळवाडीत मला अंगणवाडीची बाई म्हणून बोलायला उभं केलं. मी तंबाखूची मिश्री सोडली, तुम्हीही सोडा, असं मी माइकवर सांगितलं. तू घरी जाऊन डबी चुलीत टाकलीस.

तेव्हा मला मिश्री सोडून चारच दिवस झाले होते. पाचव्या दिवशी पोरांच्या वजनाच्या रजिस्टरावरून सुपरवायझर मॅडमनी मला सगळ्यांसमोर झापलं. घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही, आधी डबी उघडली.

आठवड्याने तू एसटीने आलीस. म्हणालीस, "आक्का, डोकं लई ठणकतंय. टमाटे निवडायला बसलं की हात चालत न्हाई. तू कसं केलंस गं?"

मी तोंडाला पदर लावून म्हणाले, "गूळपाणी पी, जाईल." तुझ्या दुखण्यानं मला रडू आलं, असं तुला वाटलं. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. ठकू, माझ्या तोंडात मिश्री होती.

आता तुझ्यासोबत टमाटे निवडणाऱ्या सात बायकांनी मिश्री सोडली म्हणे. "आमच्या आक्काला जमलं, तुमाला का न्हाई," असं तू त्यांना सांगतेस. मग खरं कोणत्या तोंडानं कळवू?

कालपासून मी पुन्हा सोडलीय. माझंही डोकं ठणकतंय. पहिले आठ दिवस कसे काढायचे, ते मला ठाऊक नाही. ते फक्त तुला ठाऊक आहे, आणि तुलाच मी विचारू शकत नाही.

तुझी थोरली म्हणवणारी,
आक्का