वीणा टेकडीवर आली नाही

नोव्हाय, मिशिगन
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय शुभा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, त्याबद्दल आधी आभार. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. ईमेल न वाचता डिलीट करता येते. कागद निदान फाडावा तरी लागतो.

आम्ही ठीक आहोत. परवा इथे पहिला बर्फ भुरभुरला. आर्य कॉलेजात बिझी, फोन केला की "ऑल गुड, बाबा" म्हणतो आणि ठेवतो. तुझ्या आईंचा गुडघा आता कसा आहे? तुझ्या कॉलेजच्या परीक्षा संपल्या का?

मेमध्ये आम्ही डेलोस बेटावर गेलो होतो, त्याबद्दल लिहायला बसलोय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी वीणाला सरप्राइज दिलं. ग्रीसला जायचंय एवढंच सांगितलं होतं. डेलोसचं नाव तिला मिकोनोसच्या धक्क्यावर, बोटीची तिकिटं हातात दिल्यावर कळलं. ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, पण..." आणि गप्प झाली. मला वाटलं, आनंदाने.

बोटीने अर्धा तास लागतो. त्या बेटावर आता कुणी राहत नाही. सकाळी जायचं आणि दुपारच्या शेवटच्या बोटीने परत यायचं. सगळीकडे पडके खांब, लाल फुलं आणि वीतभर लांबीचे सरडे. झाड म्हणशील तर जवळजवळ नाहीच. वीणा इतकी भराभर चालत होती की मी मागे पडत होतो. एका घरात नवराबायकोचे दोन पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांनाही डोकी नाहीत. मी म्हटलं, "चल, इथे आपला सेल्फी घेऊ." तिने घेतला, हसलीही. मग पुतळ्यांच्या पायाशी कोरलेली अक्षरं वाकून बघताना, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "शुभा, हे बघ ना."

तिच्या लक्षातही आलं नाही.

शुभा, तुमच्या फोनचा मला पंचवीस वर्षं राग येत आलाय. शनिवारी सकाळी साडेनऊला वीणा चहा घेऊन खालच्या खोलीत जाते, दार लावते, आणि थोड्या वेळाने तिचं हसणं वरपर्यंत ऐकू येतं. अगदी फुटून हसते. मी किचनमध्ये भांडी लावत ते ऐकतो. तू पुरुष असतीस तर भांडलो तरी असतो. बायकोच्या मैत्रिणीवर जळतोय हे सांगणार कुणाला? लग्नात मला "जावईबापू" म्हणून तूच सगळ्यांत जास्त छळलं होतंस, आणि तेव्हाही मी हसत हसत मनात म्हणत होतो, ही आता नागपुरातच राहील, सुटलो.

दुपारी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी आलो. वर चढायला दगडी पायऱ्या आहेत. वीणा एका दगडावर बसली.

"तू जाऊन ये. मी थांबते."

"पाय दुखतायत का?"

"नाही रे."

"मग चल ना. इतक्या लांब आलोय."

"वर शुभाबरोबर जायचं ठरलंय," ती म्हणाली. "एमएला प्राचीन ग्रीस शिकलो तेव्हापासून. तेवढं राहू दे."

ती चिडून बोलली नाही. मला समजावत होती, लहान मुलाला समजवावं तसं. मी एकटा चढलो. वर इतका वारा होता की टोपी धरून उभा राहिलो. खाली तिची पिवळी ओढणी दिसत होती. ती उठली, फोन हातात धरला आणि सावकाश गोल फिरली. तुला बेट दाखवत होती. मिनिटभरात हात खाली आला.

मी उतरल्यावर म्हणाली, "शुभाचं नेटवर्क गेलं वाटतं. 'किती छान गं' म्हणाली आणि कट झालं."

नेटवर्क गेलेलं नव्हतं हे मला माहीत होतं. आणि त्या क्षणी मला बरं वाटलं, शुभा. अगदी मनापासून बरं वाटलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. तरी ते मला माझ्या हाताने लिहायचंय. जानेवारीत तू मला मेसेज केला होतास: "केदार, ऑक्टोबरमध्ये दहा दिवस वीणाला माझ्या ताब्यात दे. दोघी पन्नाशीच्या होतोय. डेलोसचं बुकिंग मी करतेय. तिला एक अक्षर बोलू नकोस." मी अंगठा पाठवला. त्याच आठवड्यात मेची तिकिटं काढली. योगायोग नव्हता, विसरलो नव्हतो. तिने ते बेट पहिल्यांदा माझ्याबरोबर बघावं, एवढंच मला हवं होतं.

तू वीणाला सांगशील अशी भीती होती. तू सांगितलं नाहीस. फक्त शनिवारचे फोन थांबले. "कामात आहे गं," एवढंच. मी जिंकलो होतो. शनिवारी तिला बाहेर ब्रेकफास्टला न्यायला लागलो. ती यायची, बोलायची, आणि फोन प्लेटच्या शेजारी उलटा नाही, स्क्रीन दिसेल असा ठेवायची.

अठरा ऑक्टोबरला तिचा पन्नासावा झाला. इथल्या मराठी मंडळातली चाळीस माणसं घरी होती. केक कापायच्या आधी तुझा मेसेज आला, "वाढदिवसाच्या शुभेच्छा". ती बाथरूममध्ये गेली आणि तोंड धुऊन आली. दुसऱ्या दिवशी उरलेला पुलाव डब्यात भरताना म्हणाली, "चूक माझीच आहे. मी एकटीच बघून आले, वर तिला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. किती हावरट वाटले असेन तिला."

तेव्हा मी तुझा जानेवारीचा मेसेज उघडून फोन तिच्यासमोर ठेवला.

तिने दोनदा वाचला. "तिला माहीत होतं, तू मुद्दाम केलंस ते?"

"हो."

"आणि ती मला बोलली नाही."

"नाही."

मग तिने मला विचारलं, "का केलंस?"

मी खरं ते सांगितलं. "तू तिच्याशी हसतेस तसं माझ्याशी कधी हसली नाहीस."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आम्ही कशावर हसतो, हे तू पंचवीस वर्षांत एकदा तरी विचारलंस का रे?"

नव्हतं विचारलं. दार ठोठावून आत जाऊन बसलो असतो, तर तुम्ही दोघींनी मला हाकललंही नसतं कदाचित.

चार डिसेंबरला ती नागपूरला येतेय. तुला न कळवता येणार आहे. पण मी हे लिहितोय ते तिला सांगितलंय, तिने हो-नाही काही म्हटलं नाही. एअरपोर्टवर मीच सोडणार आहे. तिने फक्त जायचं तिकीट काढलंय. परत कधी येणार, हे मी विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

माफी मागायची तर ती तुझी आधी मागायला हवी. मागतो. जळणं गेलंय असं मात्र लिहिणार नाही. आत्ताही, तू दार उघडशील तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, ते मला दिसतंय.

तिला आत घे.

तुझ्या मैत्रिणीचा नवरा,
केदार