पट्टी चढते तिथं

अण्णा, तुमच्या नातीनं तुमचा आवाज एका गाण्यात घातलाय, आणि मला विचारलेलं नाही. युरोपातल्या देशांची मिळून दरवर्षी गाण्यांची एक स्पर्धा होते, एका देशाचं एक गाणं, तीन मिनिटांत आटपणारं. इथं नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, आमचे शेजारी ती चिप्सचा वाडगा मांडीवर घेऊन बघतात, यथेच्छ टिंगल करतात आणि मत मात्र न विसरता देतात. तर या वर्षीचं देशाचं गाणं निवडायला गाणी मागवलीत, आणि रॉटरडॅमला संगीत शिकणारी तुमची नात आणि तिच्या वर्गातले दोघंजण मिळून सोमवारी आपलं गाणं पाठवणार आहेत. शनिवारी दुपारी ती घरी आली तेव्हा मी कांदा परतत होते. तिनं फोन ओट्यावरच्या स्पीकरला जोडला आणि म्हणाली, ऐक. आधी पेटीचा भाता ओढल्याचा आवाज आला. मग तुम्ही म्हणालात, "चुकलीस." मी झटकन शेगडी बंद केली. तुम्ही शिकवताना स्वयंपाकघरातून चुरचुर ऐकू आलेली तुम्हाला चालायची नाही, आणि ती सवय माझ्या हाताला अजून आहे. आईनं मध्यंतरी जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवून घेतल्या, त्यातली माझ्या शिकवणीची एक हिच्या हाती लागली म्हणे.

ही स्पर्धा मला पहिल्यापासून संशयाचीच वाटत आलीय. माझं कामच तसं आहे म्हणा. मशीननं सगळं ठीक आहे असं सांगितलं की ते पुन्हा मोजून बघायचं, याचा मला पगार मिळतो. मग गाण्याकडं तरी वेगळ्या नजरेनं कशाला बघेन? सुरुवातीला कुणीतरी एकटंच, वाद्यांशिवाय, गळा दाटून आल्यासारखं गातं, म्हणजे लोकांनी हातातला फोन खाली ठेवावा. मग ढोल. मग कुठल्याच भाषेत अर्थ नसलेला एखादा शब्द, कारण तो सगळ्या देशांना सारखाच म्हणता यायला हवा. मग क्षणभर सगळं थांबतं, गाणाऱ्या बाईचे केस उडायला लागतात (बंद सभागृहात वारा कुठून येतो देव जाणे) आणि धृपद एक सूर वर चढून परत येतं. मागून ज्वाळा. दरवर्षी मी हे व्हायच्या आधी मोठ्यानं सांगते आणि दरवर्षी ते तसंच होतं. शेजारीण विचारते, तुला आधी कसं कळतं? आता तिला काय सांगायचं, की मी लहानपणी मिरजेच्या शाळाशाळांतल्या समूहगीत स्पर्धा परीक्षकाच्या, म्हणजे तुमच्या, शेजारी बसून ऐकल्यात.

लोखंडी खुर्ची आहे, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. स्टेजवर पांढरे सदरे, छातीवर तिरंगी फिती. शेवटच्या कडव्याला पेटीवरचे मास्तर पट्टी चढवतात, पोरं मानेच्या शिरा ताणून गायला लागतात, पालक टाळ्यांचा कडकडाट करतात. तुम्ही माझ्याकडं न बघता पुटपुटता, "चढवली पट्टी. म्हणजे गाणं मघाशीच संपलं होतं." आणि नंतर स्टेजवर जाऊन त्याच पोरांना म्हणता, "छान." सगळ्यांना छान. अर्धी फळी बेसूर झाली तरी छान, तबला पुढं पळाला तरी छान. एकदा परत येताना सायकलच्या दांडीवर बसून मी म्हटलं होतं, अण्णा, तुम्ही खोटं बोलता. तुम्ही पायडल मारत म्हणालात, "त्यांना घरी जायचं असतं ग." मला काही ते पटलं नव्हतं.

कारण घरी माझ्या वाट्याला छान नव्हतंच. बाहेरच्या खोलीत पेटी, समोर मी, आणि एखादा सूर जरा कुठं तिरका लागला की तुम्ही हात थांबवायचात. ओरडायचा नाहीत. नुसते थांबायचात, आणि बऱ्याच वेळानं म्हणायचात, चुकलीस. बाकीच्या शिकवणीच्या मुली फुलपाखरासारख्या येऊन छान घेऊन जायच्या आणि मी तिथंच बसलेली. मला तुमचा फार राग यायचा, हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. तुम्ही मला एकदाच छान म्हणालात. इंजिनिअरिंगला नंबर लागला, पुण्याला जायचं ठरलं, आणि मी म्हटलं की आता गाणं काही जमायचं नाही. तुम्ही पेटीवर कापड टाकत होतात. म्हणालात, "छान." तो शब्द मी पुण्याला नेला, मग इथवर आणला. वाईट दिवस आले की काढून बघायचे.

म्हणूनच मी हिला आजवर कधी चुकलीस म्हटलेलं नाही. हिच्या जन्माच्या आधीच ठरवलं होतं. हिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये येतं. इथल्या शाळेत तर काय, पोरानं कागदावर दोन रेघा मारल्या तरी बाई म्हणतात, ल्यूक, म्हणजे छान, मस्त, गोड, काय हवं ते. तेव्हा शनिवारी ओट्यापाशी उभी राहून मी हिशेब केला, की हिनं हा शब्द घरात ऐकलेलाच नाही. हिला ते माझं लाडाचं नाव वाटलं असणार, आजोबा मला हाक मारतायत असं. आणि वर्गातल्या त्या दोघांनी हिला सांगितलं असणार, तुझं स्वतःचं, घरचं काहीतरी घाल. म्हणजे वरून भुरभुरायला थोडा मसाला. पुढं धृपद आलं आणि माझा संशय पक्का झाला. "चुकलीस, चुकलीस," तुमची नात गात होती, मागं ढोल वाजत होता, आणि शब्द असा सोपा की कुठल्याही देशातल्या माणसाला पहिल्या फटक्यात म्हणता येईल. मी डोळ्यांसमोर आणलं, अख्खं सभागृह हात वर करून एकमेकांना चुकलीस म्हणतंय. शेवटी अर्थातच पट्टी चढली. गाणं संपलं. तिनं विचारलं, कसं आहे? आता मी काय बोलणार होते? म्हटलं, "छान."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं स्पीकरमधून फोन काढला, शेडमधली सायकल काढली आणि भर वाऱ्यात निघून गेली. माझ्या मनात आलं, कौतुक केलं तरी यांना पुरत नाही. पण शेगडी परत लावली तरी कांद्यात लक्ष लागेना.

रविवारी सकाळी ती ब्रेडवर लोणी लावून चॉकलेटचे दाणे पसरत बसली होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "त्या शब्दाचा अर्थ माहितेय का तुला? आजोबा रागावतायत त्यात."

ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत लिहितेय. "आई, मला काय वेड लागलंय? अर्थ न विचारता मी तो जगासमोर म्हणेन? आजीला विचारलं मी, कॉलवर."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ज्या मुलांचं पुढं काही व्हायचं नाही असं आजोबांना वाटायचं, त्यांना ते छान म्हणायचे. उगाच कशाला दुखवायचं म्हणून. चुकलीस फक्त तुला म्हणायचे." एवढं बोलून तिनं ताटली बाजूला सारली. "आणि काल तू मला छान म्हणालीस."

अण्णा, मला आधी आईचा राग आला, इतकी वर्षं तिला हे माहीत होतं आणि मला नाही, नातीला सांगितलं, तेही जाता जाता. तुमचा तर आलाच. मग पेटीवर कापड टाकताना म्हणालात तो छान कुठला होता? खरा, की घरी जाणाऱ्या पोरांचा? तुम्ही आता सांगणार नाही, आणि आईला विचारायची माझी हिंमत होत नाही.

मी म्हटलं, परत लाव. या वेळी खुर्चीत ताठ बसून ऐकलं, संशय घेऊनच, पण नीट. शब्द तिनं ठेक्यावर घेतलेला नाही, हे मला आदल्या दिवशी कळलंच नव्हतं. ढोल थांबतो आणि ती लगेच गात नाही. तुम्ही थांबायचात तशी थांबते. सूर तिरका गेलाय हे माझं मला कळावं म्हणून तुम्ही जेवढा वेळ द्यायचात, तेवढा वेळ तिनं गाण्यात रिकामा सोडलाय, आणि मग येतं, चुकलीस. जिथं लोक सेकंदासेकंदाला ढोल आणि ज्वाळा भरतात, तिथं हिनं काहीच भरलेलं नाही. स्पर्धेचं चांगलं गाणं कसं असतं हे मला आजही सांगता यायचं नाही, त्यातल्या युक्त्या तेवढ्या मला ओळखता येतात. पण ते थांबणं युक्ती नव्हती. ते तिनं त्या कॅसेटमधून ऐकून घेतलं होतं, आणि मी इतकी वर्षं त्यातला नुसता शब्द लक्षात ठेवला होता.

गाणं संपलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, ताटलीत सांडलेले दाणे बोटानं टिपत होती. मी थोडा वेळ थांबले आणि म्हटलं, "चुकलीस."

तिनं मान वर केली. "कुठं?" मराठीत विचारलं तिनं.

"शेवटी. पट्टी चढवलीस तिथं. काही गरज नाही त्याची, गाणं आधीच पोचलंय."

ती हसली, कालपासून पहिल्यांदाच, आणि ब्रेड तसाच टाकून लॅपटॉप उघडायला वर पळाली. आता दुपार झालीय. वरून तेच धृपद त्याच पट्टीत परत परत ऐकू येतंय, आणि मी खाली बसून तुम्हाला हे लिहितेय, कुठल्या पत्त्यावर टाकणार ते माहीत नसताना. एक तेवढं मी तिला सांगितलेलं नाही. पट्टी चढली तेव्हा, शनिवारीही आणि आजही, माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता.