ब्रशची गरज उरली नाही

४ नोव्हेंबर
आज सकाळी ओब्रेनकाकांचा ब्रश मी चुलीत टाकला.
रागाने नाही. प्रार्थना केली, कॉफी प्यायलो, मग टाकला. सुटे भाग धुणारं मशीन आलं होतं, म्हणजे ब्रशची गरज उरली नव्हती. डुकराच्या केसांचा, काकांनी स्वतः बांधलेला, डिझेल पिऊन काळा झालेला ब्रश. असा भडकला की चुलीचं झाकण उडालं.
इथे नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या दोष माझ्यावर यायला नको. ओब्रेनकाका माझ्या वडिलांच्या काळापासून या गॅरेजात सुटे भाग धुतात. मागच्या अंगणात घमेलं, घमेल्यात डिझेल, हातात ब्रश. हिवाळ्यात त्यांची बोटं लाल होतात. मशीन मी त्यांच्यासाठीच आणलं. तेच सांगणार होतो. सांगायच्या आधी ब्रश चुलीत गेला, एवढंच.
काकांनी चुलीत बघितलं. हात पुसले, टोपी घातली, निघून गेले. चालत. त्यांची जुनी, छोटी फिचा मोटार हिवाळ्याच्या कामासाठी माझ्याच अंगणात उभी आहे. गाडी इथे आहे म्हणजे सोमवारपर्यंत येतील.
संकल्प: नाताळचा उपास सुरू व्हायच्या आत राग हा विषय संपवायचा. त्यांचा.

५ नोव्हेंबर, सकाळ
पहिली धुलाई. स्टीलची टाकी, पाणी गरम होतं, आणि मग कानात गांधीलमाशी शिरावी तसा आवाज. पुस्तिकेत लिहिलंय की आवाजाच्या थरथरीने पाण्यात बारीक बुडबुडे फुटतात आणि ग्रीस उपटून काढतात. माणसाने फक्त बटण दाबायचं. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची झाकणं, बेअरिंग, व्हॅनचे ब्रेक, सगळं एकदम टाकलं. काठोकाठ.

संध्याकाळ
पाण्याचं घेवड्याचं कालवण झालं. भाग होते तसेच. जे स्वच्छ होते तेही बरबटले.
विजेचा दोष. आमच्या रस्त्यावर वीज कायम मरगळलेली असते.

७ नोव्हेंबर
बेलग्रेडला दुकानात फोन. एक मुलगी बोलली. म्हणाली, जाड ग्रीस आधी हाताने खरवडा, मग थोडे थोडे भाग जाळीच्या टोपलीत टांगा, तळाला टेकवू नका. मी विचारलं, हाताने खरवडायचं तर मशीन कशाला? तिने विचारलं, तुम्ही आंघोळीला बुटांसकट जाता का?
फोन ठेवून दिला. नंतर आठवलं की टोपली मीच रिकामं खोकं समजून कोंबड्यांना अंडी घालायला दिली आहे. ती आता परत मागणं बरं दिसत नाही.

९ नोव्हेंबर
त्या मुलीने एक परीक्षा सांगितली होती. स्वयंपाकातला चांदीसारखा कागद पाण्यात धरायचा. भोकं पडली तर मशीन चांगलं. धरला. भोकंच भोकं! चाळण झाली. मिलुन्काला धावत जाऊन दाखवला. ती पिठाचे हात तसेच ठेवून बघत राहिली. म्हणाली, कागद धड होता तेव्हा मला तो भाजायला लागायचा.
मिलुन्का चांगली बायको आहे, पण विज्ञान तिच्या घरात कधी आलं नाही. तिचा भाऊ तिहोमिर जेवायला आला होता. तो म्हणाला, दाजी, उद्या त्यात कोबीच्या पानातला खिमा शिजवा, थरथरून मऊ होईल. हसता हसता त्याला ठसका लागला. पाणी मी दिलं. ख्रिस्ताने शत्रूवरही प्रेम करायला सांगितलंय, मेहुण्याचं वेगळं सांगितलेलं नाही.

१५ नोव्हेंबर
आज खरी गोष्ट घडली. नुसते बोल्ट आणि वॉशर टाकले, टोपलीत (अंडी काढून). बाहेर आले ते बाप्तिस्म्याच्या मुलांसारखे. आट्यांच्या तळातलासुद्धा मळ गेला. हातावर घेऊन उन्हात कितीतरी वेळ बघत बसलो. कोणाला दाखवू? मिलुन्का म्हणाली, छान. तिहोमिर म्हणाला, बोल्टच ना. स्वच्छ आटे म्हणजे काय, हे या गावात एकाच माणसाला कळतं, आणि तो घरी फुगून बसलाय.
याचा फार संताप आला. आनंदाच्या दिवशी माणसाने असं वागू नये.
काल शनिवार समजून मी अंगणात काकांची वाट बघत होतो, गाडी न्यायला येतील म्हणून. शनिवार आज आहे. दर शनिवारी काका फिचा घेऊन वरच्या गावी जातात, दानाकाकूंच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला. गाडी अजून इथेच. चालत गेले म्हणे. चढ आहे सगळा. हट्टीपणा.

२२ नोव्हेंबर
डुक्कर कापलं, उपासाच्या आधी. मीठ लावायचं काम दर वर्षी ओब्रेनकाकांचं. निरोप पाठवला नाही. मोठ्या माणसाला निरोप लागत नाही. यंदा मीठ तिहोमिरने लावलं. सॉसेज खाल्लं की समुद्राला जाऊन आल्यासारखं वाटतं.
मिलुन्काने पाठीवरचे राठ केस काढून कागदी पिशवीत भरून फळीवर ठेवले. काका त्या केसांचाच ब्रश बांधतात. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, सवय. त्या पिशवीकडे बघून दिवसभर चिडचिड झाली.

२५ नोव्हेंबर
निर्णय. काकांना बोलून पटणार नाही, दाखवून पटेल. त्यांच्या फिचाचा कार्ब्युरेटर काढायचा, मशीनमध्ये नव्यासारखा करायचा, गाडीत बसवायचा आणि गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी करायची. तोंडातून शब्द काढायचा नाही. झाकण उघडून नुसतं दाखवायचं. ते रडतील. मी खांद्यावर हात ठेवीन.
मशीनबरोबर आलेलं औषध गिअरबॉक्समध्येच संपलं होतं. पण काल मिलुन्काने चरबीचा साबण उकळला, आणि कॉस्टिक सोड्याचा डबा उरलाय. तो सोडा चरबी खातो, ग्रीस म्हणजे तरी काय, लोखंडाची चरबी. देवाने माणसाला डोकं दिलंय ते यासाठी. पाणी चांगलं गरम केलं, सोडा घातला, कार्ब्युरेटर सोडला. पाणी लगेच फसफसलं! दुधासारखं वर आलं. इतके दिवस मशीन झोपलेलं होतं, आज जागं झालं. संत निकोलाच्या चित्रापुढे वात लावली आणि समाधानाने जेवायला गेलो.

२५ नोव्हेंबर, रात्र
कार्ब्युरेटर काळा झालाय. अंगावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. एका बाजूचा कान उरलेलाच नाही. बोटाने दाबलं तर भुगा.
मुळातच कमकुवत होता. काकांनी वर्षानुवर्षं ब्रशने घासघासून झिजवलेला.
मिलुन्काने विचारलं, सोड्याचा डबा कुठे गेला. मी म्हटलं, उंदीर. ती म्हणाली, सोडा खाणारा उंदीर असेल तर तो मेला असेल, शोध. रात्री जेवलो नाही. कोणीतरी विचारेल म्हणून वाट पाहिली. कोणी विचारलं नाही.

३० नोव्हेंबर
क्रागुयेवात्सच्या भंगारवाल्याकडे गेलो. एक मिळाला. घरी आणून बघितला तर मोठा, बसत नाही. भंगारवाला फोनवर म्हणाला, मालक, तुम्ही कार्ब्युरेटर मागितला, मी दिला, माप सांगितलं होतं का. आजकाल सरळ माणूस सापडत नाही.
सांगायचं आहेच काकांना. पण नवा मिळाल्यावर. तसं सांगणं जास्त प्रामाणिक.

७ डिसेंबर
पापकबुलीला गेलो. फादर गेरासिमने विचारलं, सगळ्यांशी सलोखा आहे का? मी म्हटलं, आहे, एक माणूस सोडून, आणि तो माझ्यावर रागावलाय, मी त्याच्यावर नाही. फादरनी विचारलं, त्याने तुझं काय केलं? मी खूप आठवलं. म्हटलं, चालत जातो.
फादरनी गळ्यातला क्रूस सरळ केला. मग म्हणाले, जा आणि भेट त्याला, भाकर आणि द्राक्षारस तोवर इथेच राहील. म्हणजे प्रसादाला नाहीच. सगळ्या गावासमोर मागे उभा. फादर ओब्रेनकाकांच्या चुलतघराण्यातले आहेत, हे मला आधीच लक्षात घ्यायला हवं होतं.

१३ डिसेंबर
शनिवार. बर्फाळ पाऊस. व्हॅन घेऊन वरच्या गावाकडून येत होतो. चढावर काका. डोक्यावर पोतं, हातात पिशवी, पिशवीतून मेणबत्त्यांची टोकं बाहेर. थांबावं असं वाटलं. पण थांबलो असतो तर गाडीचं विचारलं असतं. म्हणून हॉर्न वाजवला, मैत्रीचा. त्यांनी हात वर केला.
हात का वर केला? ज्याच्यावर रागावलोय त्याला माणूस हात करतो का? निदान तोंड फिरवायचं. आता याचं मी काय करू? घरी येऊन दार इतकं जोरात लावलं की संताचं चित्र वाकडं झालं. सरळ केलं. पुन्हा वाकडं झालं.

१७ डिसेंबर
परवा स्लावा, आमच्या घराण्याच्या संताचा, निकोलाचा दिवस. उपासात येतो म्हणून मासाच. जिवंत कार्प आणला. न्हाणीतल्या टबात पाहुण्यांच्या चादरी भिजत होत्या, म्हणून मिलुन्काने टाकी दहा पाण्यांनी घासून मासा मशीनमध्ये सोडला. मला विचारलं नाही. मला बघून मासा तोंड उघडतो, मिटतो. सल्ला दिल्यासारखा.
तिहोमिर म्हणाला, दाजी, बटणाला हात लावू नका हं, पाहुणे यायच्या आधीच सूप होईल. मशीनला या घरात कोणी कधी संधीच दिली नाही.

१९ डिसेंबर, रात्री झोपण्यापूर्वी
स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. यायचं असतं तो येतो, आणि यजमान पाहुण्यांसमोर खाली बसत नाही. माझ्या वडिलांपासून पहिला पाहुणा ओब्रेनकाका. आज दुपारपर्यंत घर भरलं. त्यांची खुर्ची दाराजवळ. कोणी त्यावर बसलं नाही. तिहोमिरसुद्धा नाही. तो उभ्याने खात होता.
मी मेणबत्तीकडे बघत होतो आणि मला इतका राग आला की हातातला ग्लास खाली ठेवला. कोणाचा राग ते ठरवता येईना. उकडलेल्या गव्हाचा प्रसाद एका बशीत घेतला, फळीवरची केसांची पिशवी घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कार्ब्युरेटर घेतला आणि भरल्या घरातून निघालो. स्लावाच्या दिवशी यजमान घर सोडून जातो, असं आमच्याकडे कोणी केलेलं नाही. मिलुन्काने फक्त माझी टोपी पुढे केली.
काकांनी दार उघडलं. दाढी केलेली, काळा कोट, बूट पॉलिश केलेले. सकाळपासून तसेच बसलेले असावेत. मी म्हटलं, मग आला का नाहीत?
"बोलावत कोणी नाही ते मला माहीत आहे, झिवादिन. माझी खुर्ची आहे की नाही, ते कळेना."
मी बोलायचं ठरवून आलेलं सगळं विसरलो. कागद उघडला. त्यांनी चष्मा लावून बघितलं.
"हा माझा?"
"तुमचा."
"कशाने?"
"साबणाच्या सोड्याने. गरम पाण्यात."
त्यांनी तुटलेल्या कानाच्या जागी अंगठा फिरवला. दानाने मिलुन्काला पहिल्यांदा साबण करायला शिकवलं तेव्हाच सांगितलं होतं म्हणे, अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला हा सोडा दाखवायचा नाही. कार्ब्युरेटर अ‍ॅल्युमिनियमचाच, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, ब्रश मी रागाने जाळला नव्हता. म्हणाले, "मग रागाने जाळायचा होतास. मला समजलं असतं."
मी गव्हाची बशी पुढे केली. गहू खाल्ला त्यांनी. बरोबर आले. खुर्चीवर बसले. मासा खारट झाला होता, म्हणाले चांगला आहे.

२० डिसेंबर
शनिवार. ओब्रेनकाकांना माझ्या व्हॅनमधून वरच्या गावी नेलं. दुसरा कार्ब्युरेटर मिळेपर्यंत दर शनिवारी नेणार. वाटेत म्हणाले, तुझं इंजिन खोकतंय. थडग्यापाशी त्यांनी मेणबत्ती लावली आणि दानाकाकूंना सांगितलं की हा झिवादिन, यानेच आपली गाडी मोडली, पण घेऊन आलाय. मी टोपी काढून उभा राहिलो.
परत आल्यावर केसांचा ब्रश बांधला. मी बांधला, ते बघत होते. वाकडा झालाय, केस गळतात. मशीन पुसून कोपऱ्यात ठेवलं. मशीनचा काही दोष नाही. टाकीला माशाचा वास येतो, तो जाईल.
मग काकांना चुलीजवळ बसवलं, अंगणात घमेलं घेतलं, व्हॅनचा कार्ब्युरेटर काढला आणि स्वतः धुतला.
डिझेल फार थंड असतं. हाडापर्यंत जातं. हे मला माहीत नव्हतं.