अक्काच्या खुब्यासाठी मऊ टायर

तीर्थरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नसल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनाने पूर्ण आडवा झालो आहे असे समज.) पत्राला फार उशीर झाला, तेवढे पोटात घाल. भाऊ विसरला असे तुला वाटले असेल. विसरलो नव्हतो, टायर बघत होतो. तुझा खुबा आता कसा आहे? काठी हातात धरून चालतेस, की काठी कोपऱ्यात आणि तू भिंतीला धरून, असे चालले आहे? जेवणाआधीच्या गोळ्या आणि नंतरच्या गोळ्या यांची गल्लत करू नकोस. जिन्यातला दिवा लागतो का? तुझ्या शेजारीणबाई घर सोडून जाणार असे तू लिहिलेस, आणि तेही दूधवाला बदलला अशा सुरात. त्या गेल्यावर सकाळी तुझे दार कोण वाजवणार, हा विचार रोज माझ्या पहिल्या चहाच्या कपात येऊन पडतो. बाकी इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून.

हे फोनवर सांगता आले असते, हे मला कळते. पण फोनवर तू 'बरं आहे, ठेवते' इतक्या लवकर म्हणतेस की मी अजून मुद्द्याच्या फाटकापाशीही पोचलेलो नसतो. शिवाय शाळेने माझ्यापुढे हात टेकल्यावर मला लिहायला तूच शिकवलेस. तेव्हा या पत्रात चुका निघाल्या तर निम्म्या तुझ्या.

तर टायर. आमच्या मोठ्या गाडीतून (सात जण बसतील एवढी गाडी तुझ्या भाच्याने घेतली आहे आणि घरात माणसे तीन) मागच्या खेपेला तुला आणले तेव्हा काय झाले ते मी विसरलेलो नाही. तू उतरलीस, कमरेवर हात ठेवून गाडीकडे वळून पाहिलेस आणि म्हणालीस, "यापुढे या गाडीत बसायची नाही. त्यापेक्षा चौघांच्या खांद्यावरून जाईन, ते तरी जपून चालतात." भाचा हसला. मी हसलो नाही. कारण तू बोललेले खरे करतेस हे त्याला ठाऊक नाही, मला आहे. आता डॉक्टर म्हणतात खुब्याचे मोडलेले हाड जुळले आहे, गाडीने प्रवास करायला हरकत नाही, फक्त धक्के नकोत. डॉक्टरांना 'फक्त' म्हणायला काय जाते? तिकडून इकडे येईपर्यंत किती खड्डे आहेत ते त्यांनी कुठे बघितले आहेत? त्यातच ब्रेक बघणाऱ्या मेकॅनिकने गाडीखालून डोके बाहेर काढून सांगितले की टायर पार गुळगुळीत झाले आहेत, पावसात गाडी घसरगुंडी खेळेल, बदला. मी त्याच क्षणी ठरवले, टायर मी निवडणार, आणि निवडणार ते अक्काच्या खुब्याकडे बघून.

घरात एकमत होईल तर ते आमचे घर कसले? भाच्याला हवे होते मोठमोठ्या दातांचे टायर, डोंगर चढणारे. (त्याने आजवर चढलेला सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे ऑफिसच्या पार्किंगचा उतार.) तुझ्या भावजयीला आवाज न करणारे हवे होते, कारण गाडी सुरू झाली की तिला झोप लागते आणि टायर गुणगुणले तर मोडते. मला मऊ हवे होते, पण फुटणार नाहीत असे. दुकानदाराने माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, मऊ हवेत की टिकाऊ ते आधी ठरवा." मी म्हटले, दोन्ही. शिवाय पावसात न घसरणारे, आणि मुकाट्याने चालणारे. तो म्हणाला, "मग तुम्हाला टायर नकोय, जावई हवाय."

टायरच्या अंगावर आकडे आणि अक्षरे कोरलेली असतात, ती वाचायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. वाचता वाचता टायरभोवती प्रदक्षिणा पूर्ण झाली, पण बोध झाला नाही. दुकानदाराने समजावले की रिमपासून जमिनीपर्यंत रबराची कड जितकी उंच, तितका धक्का ती पोटात घेते, आणि दात जितके मोठे तितका टायर हमरस्त्यावर गुरगुरतो. एवढे मला पटले. तरी माणसाने हाताने दाबून बघितल्याशिवाय वस्तू घेऊ नये, असे आपले वडील म्हणत. मी एकेक टायर अंगठ्याने दाबला. सगळे सारखेच लागले. मग विचार केला, अक्का काही अंगठ्यावर बसणार नाही. म्हणून तीन टायर एकावर एक रचले होते त्यावर बसून पाहिले.

अक्का, टायरला मधे भोक असते ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे. पण माहीत असणे वेगळे आणि आठवणे वेगळे. मी आत गेलो. म्हणजे मधला भाग गेला, पाय आणि डोके बाहेर राहिले, गुडघे कानांना लागले. जे गुडघे तुला नमस्कार करताना वाकत नाहीत ते तिथे कसे वाकले, हे डॉक्टरांना विचारायचे आहे. दुकानदाराने हात धरून ओढले, भाच्याने काखेत हात घालून ओढले, आणि तुझी भावजय समोर पर्स मांडीवर घेऊन बसून शांतपणे म्हणाली, "कसं वाटतंय? अक्कांना चालेल?" शेवटी वरचा टायर माझ्यासकट कलंडवला तेव्हा सुटका झाली. एवढी अब्रू गेल्यावर काही न घेता बाहेर कसे पडणार?

तरीही मी डोळे मिटून घेतले नाहीत. दुकानदाराच्या स्वतःच्या गाडीला तसेच उंच कडेचे, बारीक दातांचे टायर होते. मी म्हटले, फिरवून आण. मागे डाव्या बाजूला, तू बसतेस तिथे, तू बसतेस तसा बसलो. ओठ आवळलेले, एक हात वरच्या कडीला, डोळे बंद. खड्डा दिसला की तुझ्यासारखे 'आई गं' म्हणायचे ठरवले होते, पण डोळे बंद असल्यामुळे खड्डा कधी येतो ते कळेना, म्हणून अंदाजाने म्हणत राहिलो. त्याने घाबरून गाडी कडेला घेतली आणि मला पाणी पाजले. तो म्हणाला, "काका, अजून एकही खड्डा आलेला नाही." मग मात्र नीट गेलो. शाळेपुढचा गतिरोधक कधी गेला ते समजले नाही. तिथेच मी टायर पक्के केले. भाच्याचा चेहरा पडला, पण त्याचा खुबा शाबूत आहे, त्याने बोलू नये.

नवे टायर लावून घरी आलो तेव्हा गाडी पायांत मोजे घालून चालल्यासारखी चालली. त्याच दिवशी तुला पत्र लिहिणार होतो. पण म्हटले, घाई नको, दोन दिवस जाऊ देत. तेच नडले. दोन दिवसांनी तुझ्या जागेवर पाण्याने भरलेली वाटी ठेवून गाडी बाहेर काढली, तर गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत वाटी रिकामी आणि सीट ओली. (तुझी भावजय नंतर त्यावर बसली. त्याविषयी इथे लिहीत नाही.) गाडी दगडावर दगड आपटावा तशी चालली होती. नवे टायर दोन रात्रींत शिळ्या पावासारखे कडक झाले होते. मला पहिला संशय आला की कोणी बदलले. पण मी हुशारीने चारही टायरांना तुझ्या भावजयीच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता, आणि ठिपके जागेवर होते. दुकानाला आज सुट्टी. म्हणजे टायर आपले, रस्ते आपले आणि नशीबही आपलेच. तेव्हा अक्का, जड मनाने लिहितो की तू इतक्यात निघू नकोस. मी हे टायर परत करतो, दुसरे बघतो, पुन्हा हवे तर आत पडतो. तोवर जिना जपून उतर. शक्यतो उतरूच नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पाकीट बंद करण्याआधी तुझ्या भावजयीने पत्र वाचले. (ती नेहमीच वाचते. मागे मी तिच्याविषयी चांगले लिहिले होते तेही तिने वाचले आणि खोडले.) वाचून झाल्यावर तिने एकच विचारले, "या टायरांत हवा कुणी भरली?" मी म्हटले, मी. डॉक्टरांनी पायाला व्यायाम सांगितला आहे, म्हणून रोज सकाळी पायपंप मारतो. व्यायामही होतो, हवाही भरते. त्या पंपाच्या काचेतला दाब दाखवणारा काटा केव्हाच झोपला आहे, पण अक्का बसणार म्हणून चार दणके जास्तच मारतो. यावर भाचा कान खाजवू लागला. तोही घरातला विजेचा छोटा पंप लावून हाताला कडक लागेपर्यंत भरत होता, कारण आत्या बसणार आणि बाबा विसरतात. मग आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी पेट्रोल पंपावर नुसतं म्हटलं, थोडी जास्त टाक, घरात दोन पुरुष आहेत पण हवा बघायला कुणी नाही."

म्हणजे अक्का, मागच्या खेपेलाही तुझी कंबर ना खड्ड्यांनी मोडली ना टायरांनी. तुला आणायला निघण्याआधी आम्ही तिघांनी एकमेकांना न सांगता तुझी काळजी केली होती आणि ती सगळी त्या चार टायरांत कोंबली होती.

आणखी एक. भाच्याने हवेचा दाब मोजायचा मापकाटा उसना आणून जास्तीची हवा सोडली. फुस्स आवाज इतका वेळ चालला की समोरचे गृहस्थ गॅलरीत आले. मग पुन्हा वाटी ठेवली. शाळेपर्यंत जाऊन आलो, थेंब सांडला नाही. तेव्हा वर 'निघू नकोस' लिहिले आहे ते वाचू नकोस.

आणखी एक, शेवटचे. तुझी भावजय म्हणते, "टायरांवर इतकं लिहिलंत, आणि विचारायचं ते कुठे आहे?" ते असे. खालची खोली रिकामी केली आहे. तिथे जिना नाही, न्हाणीघराला धरायला दांडी बसवली आहे, खिडकीतून रस्ता दिसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावे ठेवता येतात. आठवड्यासाठी नव्हे. तिकडचे घर बंद करून कायमची येशील का? हे विचारले तर तू नाही म्हणशील, या भीतीने मी इतके दिवस टायर बघत होतो. नाही म्हणायचे असेल तरी चालेल, पण फोनवर म्हणू नकोस, लिहून पाठव, म्हणजे मला पुन्हा पुन्हा वाचून त्यातून हो काढता येईल. आणि लवकर पाठव. पायपंप तुझ्या भावजयीने कपाटात कोंडून किल्ली लपवली आहे. आता काळजी वाटली तर ती भरायला माझ्याकडे जागा नाही.