खंडेनवमीला धुतलेला कॅमेरा

माय, आबांनी तुझा आवाज धुऊन टाकला. मुद्दाम की नकळत, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि विचारायची हिंमत होत नाही. खंडेनवमीला ते पूजेसाठी कोयते घासायला बसले होते. मी झेंडूची फुलं घेऊन आलो, तर बादलीत कोयत्यांबरोबर माझा जुना डिजिटल कॅमेराही. "त्यो बी हत्यारच हाय की तुझं," आबा म्हणाले, आणि साबणाच्या फेसातून काढून चिंधीनं त्याची काच पुसायला लागले. मी खूप ओरडलो, सणाचा दिवस असून ओरडलो. बॅटरी ओढून काढली, पाणी झटकलं, सगळी झाकणं उघडून तो पंख्याखाली ठेवला. आबा थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "ज्वारीच्या कोठीत ठिवू का? ज्वारी पानी वढून घेती." कॅमेरा वाळला, पण चालू झाला नाही.

त्यात काय होतं ते तुला ठाऊक नाही. नोकरी लागल्यावर तो कॅमेरा घेऊन मी घरी आलो, तेव्हा तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. त्यात कार्डही नव्हतं, तुझा व्हिडिओ काढला तो आतच साठला. तू माझ्याकडे बघतच नाहीस. दाराकडे तोंड करून म्हणतेस, "आवं, औंदा मला न्हिऊ नगा. माझ्यानं उसाची मोळी उचलत न्हाई आता." दाराबाहेरून आबांचा आवाज येतो, "नवराबायकूच्या जोडीबिगर मुकादम घेतो व्हय? येवढा हंगाम काढ." आणि मागून माझं हसणं. मी म्हणतोय, माय, इकडं बघ की. तू बघतेस, आणि तिथंच ते संपतं. त्या हंगामात तू फडात पडलीस ती उठलीच नाहीस.

तेव्हापासून दर वर्षी दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक दिंद्रुडवरून जायला लागले, की आबा कॅमेरा मागायचे. कानाशी धरून ऐकायचे, परत लावायला सांगायचे. मग दोन-दोन दिवस भाकरीला हात लावायचे नाहीत. दुसरीकडे उतरवून घेऊ, असं मी दर वर्षी म्हणायचो आणि टाळायचो. घरात तेवढं एकच यंत्र तुझं ते बोलणं ऐकवत होतं, तेच मला पुष्कळ होतं. तुझा राग यायचा कधीकधी, खरंच सांगतो. मेल्यावरही तू त्यांना सोडत नाहीस, असं वाटायचं.

यंदाही ट्रक गेले. आबांनी काही मागितलं नाही. ओट्यावर बसून जाणाऱ्यांना हात केला, आत आले, जेवले, आणि वर आमटी मागून घेतली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा माजलगावला नेला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, आत हिरवा गंज चढलेला मला दाखवला. "चालू व्हायचा न्हाई ह्यो. पन आतलं निघंल कदाचित, साफ करून बघतो. ठिवून जावा."  मग त्यानं विचारलं, "लई महत्त्वाचं होतं का काय?"

माय, मी त्याला म्हणालो, काही नव्हतं त्यात. आणि कॅमेरा उचलून घरी आलो.