कोपऱ्यातलं चाक

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, बाबांचा खोकला गेला, माझी जीभ आहे तशीच आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईलच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक कारण. दुसरं शेवटी सांगते. मधली पानं गाळून शेवट आधी वाचायची तुझी लहानपणची खोड मला माहीत आहे, तेव्हा हात आवर.

तर बातमी अशी, की आपल्या शिंपीकामाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी डेस्कटॉप, म्हणजे चित्रांवर क्लिक करून काम करायचा पडदा, बसवला. मी म्हणजे मीच. हसू नकोस. कॉलेजात असताना तू कुठून तरी तो जुना डबा उचलून आणलास, त्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स चढवलंस, गिऱ्हाइकांची मापं आणि कापायचे नमुने त्यात भरलेस. काम झकास व्हायचं, पण ते तुझ्या हातून. आमच्यापुढे नुसता काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. ना चित्र, ना बटण. तुला सगळं तोंडपाठ, आणि आम्ही बापलेक आपले हाताची घडी घालून उभे. पुढे तुला नोकरी लागली, तू शहर बदललंस, लग्न झालं, तरी सुट्टी आली की बसने इकडे. कोटाचा नमुना छापायचाय? धाकटा येईल. जुनं माप शोधायचंय? धाकटा येईल. बाबा तर गिऱ्हाइकाला अशा थाटात सांगायचे, जणू मोठा डॉक्टर तपासायला येणार आहे.

मग मागच्या खेपेला जेवताना तू सांगितलंस, की समुद्रापलीकडच्या त्या नोकरीला नाही म्हणून कळवणार आहेस. तिकडची थंडी सोसणार नाही म्हणालास. बाबांनी मान डोलावली आणि ताटाकडे बघत राहिले. मी तुला आणखी एक पोळी वाढली. मी वाद न घालता वाढायला लागले की काहीतरी शिजतंय, एवढं तरी तुझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागले. आधी फोनवर वाचून वाचून एकेक ओळ टाइप केली आणि मापं, नमुने सगळे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. कापड एकदा कापलं की कापलं, हे मला कुणी शिकवायला नको. तुझ्या डब्यात जीव फार नाही, म्हणून हलकाफुलका डेस्कटॉप निवडला. फोनवरून इंटरनेट जोडलं, आणखी एक ओळ टाइप केली, कॉम्प्युटर म्हणाला करू का, मी म्हटलं कर बाबा. पडद्यावरून अक्षरं धो धो वाहायला लागली आणि माझी छाती फुगली. बंद करून चालू केला, पासवर्ड टाकला, तर पुन्हा तुझाच काळा पडदा! मी सगळं काढून परत बसवलं. परत काळा. तिसऱ्यांदा बसवलं तेव्हा बाबा इस्त्री करता करता म्हणाले, ठेव आता, तो आला की बघेल. त्या एका वाक्याने माझं डोकं असं तापलं, की त्यावरच इस्त्री झाली असती.

इंटरनेटवर या लिनक्सवाल्यांचा मदतीचा एक कट्टा आहे. तिथे मी लिहिलं, डेस्कटॉप चालत नाही, मदत करा. एकाने ताडकन उत्तर दिलं, आधी माहितीपुस्तिका वाचा. मी त्याला कळवलं, वाचली, तुमच्यासारखीच तीही नीट बोलत नाही. मग ‘झोपाळू घुबड’ नावाची एक व्यक्ती आली. बाई की बुवा ते अजून मला ठाऊक नाही, पण माणूस गुणी. घुबडाने विचारलं, काय केलंत, काय व्हायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं? मला माझंच हसू आलं. सदरा बसत नाही म्हणत जे गिऱ्हाईक येतं, त्याला मी रोज हेच तर विचारते, अहो, कुठे बसत नाही, खांद्यात की काखेत? मग मी शिस्तीत लिहिलं. पासवर्डची खिडकी येते, पासवर्ड चालतो, पुढे जुनाच काळा पडदा येतो.

घुबडाने उत्तर दिलं, तुमचा डेस्कटॉप पहिल्याच वेळी नीट बसलाय. पासवर्ड टाकण्याआधी खिडकीच्या कोपऱ्यात बघा, एक बारीक दातेरी चाक आहे. त्यावर क्लिक करा आणि आत काय उघडायचं ते निवडा. कॉम्प्युटर नेहमीच्या सवयीने जुन्याच ठिकाणी जातोय, कारण त्याला दुसरीकडे जा असं कुणी सांगितलेलंच नाही. मी चाक दाबलं, नवं नाव निवडलं, आणि काय सांगू, निळाशार पडदा, खाली पट्टी, मापांचं चित्र, नमुन्यांचं चित्र, सगळं हजर! मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवत होते. शिवाय एकदा निवडलं की ते त्याच्या लक्षात राहतं.

बाबा मात्र ढुंकून बघेनात. मी तोऱ्यात कोटाच्या बाहीचा नमुना छापला आणि त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी हातही न लावता लांबूनच सांगितलं, ही बाही आखूड आहे. मी वाद घातला. त्यांनी गळ्यातला टेप काढून लावला, तर खरंच आखूड. मी घुबडाकडे निघालेच होते, तेवढ्यात बाबा स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. चष्मा पुसला आणि छपाईच्या खिडकीतली एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले. ‘पानात बसवा’, म्हणजे नमुना लहान करून कागदात मावव, अशी एक खूण आधीपासूनच केलेली होती. बाबा एकदम चिडले. कागदात बसवायला बाही कापायची का, कोट माणूस घालणार की कागद? आणि त्यांनी स्वतः, आपल्या हाताने, माऊस धरून ती खूण काढली. पुढची बाही बरोब्बर आली. तेव्हापासून ते मला त्या स्टुलावर बसू देत नाहीत. पडद्यावरचं मागचं चित्रही त्यांनी बदललंय, आता तिथे तुझा शाळेतला, पुढचे दात पडलेला फोटो आहे. आलेल्या गिऱ्हाइकांना दाखवतात.

आता ते दुसरं कारण. तुला विचारलं असतं तर हे चाक तू पाच मिनिटांत दाखवलं असतंस, आणि तेही लगेच बस पकडून. म्हणून मी मुद्दाम विचारलं नाही. तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलंय. थंडीबिंडी सगळी थाप आहे, तिने तर दोघांचे गरम कपडेही बघून ठेवलेत. दुकान अडेल, आपल्यावाचून आम्ही खोळंबून राहू, एवढ्यासाठी तू नाही म्हणणार आहेस. वेड्या, माझं तुझ्यावर फार प्रेम आहे, आणि तू लांब गेलास की मी रडणार आहे, पण दुकानाच्या डब्यासाठी तुला अडकवून ठेवणारी बहीण मी नाही. उत्तर महिनाअखेर द्यायचंय, म्हणजे अजून वेळ आहे. नुसतं फोनवर सांगून तुला पटलं नसतं, म्हणून हे पत्र मी त्याच कॉम्प्युटरवर टाइप केलंय आणि त्याच प्रिंटरवर छापणार आहे. माझ्यावर विश्वास नसेल, तर खालची ओळ बघ, ती बाबांनी स्वतः टाइप केली आहे. एकेक अक्षर शोधत बसले होते. मी हात लावलेला नाही.

तुझीच, आणि आता कुणाचीही वाट न बघणारी,
ताई

तू जा. बाही बरोबर येते आहे.