होडीचा कठडा आणि तारेचा ब्रश

मी, भुजंग नागोराव पवळे, वय एकोणऐंशी, धंदा शेती, राहणार मौजे डोहगाव, तालुका व जिल्हा नांदेड, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणी धाक न घालता आणि कोणी रुसून न बसता, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी वार आणि महिना विचारला, दोन्ही बरोबर सांगितले. शिवाय चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणायला घेतली, तेव्हा तिसऱ्या कडव्याला ते म्हणाले, "पुरे आबा, लिहून देतो." तो दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वी मी कागदावर मृत्युपत्र केलेले नाही. मनात बरीच केली. त्यांत अर्धे गाव बेदखल होते. ती सर्व रद्द समजावीत.

खाली दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी आहे. ती कोणासाठी, हे कलम ७ मध्ये येईल. त्याने सही केली नाही तर काय करायचे ते वकिलांना माहीत असेल, मला नाही.

कलम १. राहते घर पत्नी लक्ष्मीबाईंना. त्यांच्या पश्चात मुलगा हरिओम यास. त्याने लातूरहून येऊन राहावे अशी अट घालत नाही, कारण तो येणार नाही आणि मी उगीच वर बसून चिडत राहीन. फक्त ओसरीवरचा माझा लाकडी बाक विकू नये.

कलम २. पाण्यापलीकडची शेती हरिओम आणि मुलगी ज्ञानेश्वरी यांना निम्मी निम्मी. बांधावरची दोन चिंचेची झाडे कोणाच्या वाटणीत येतात यावरून भांडू नये. ती झाडे माझ्या आजोबांनाही वाटून घेता आली नाहीत. पोस्टात आणि बँकेत जे काही असेल ते सगळे लक्ष्मीबाईंचे. त्यांना कोणी हिशेब विचारू नये.

कलम ३. पहिली ते सातवीची माझी जुनी वाचनाची पुस्तके गावच्या शाळेला. मास्तरांनी ती कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत. कविता पोरांकडून मोठ्याने म्हणून घ्याव्यात, चालीवर. हल्ली पोरे कविता मनात वाचतात. कविता ही काय औषधाची चिठ्ठी आहे?

कलम ४. जावयाने नेलेली माझी शिडी परत आणावी. नऊ वर्षे झाली.

कलम ५. होडी. हे कलम लांब आहे. कंटाळा आला तरी मोठ्याने वाचावे.

धरणाच्या फुगवट्याने माझे घर एका काठाला ठेवले आणि शेत दुसऱ्या काठाला. पुलावरून जायचे तर एकवीस किलोमीटर. म्हणून फायबरची होडी घेतली. तिला कठडा हवा होता. उमाशंकर म्हणाला, साधे लोखंड लाव आणि दरसाल रंग मार. उमाशंकर म्हणजे फाट्यावरचा वेल्डिंगवाला, पहिलीपासून माझ्या बसकरावर बसलेला. मी ऐकले नाही. चौथीच्या त्या नदीच्या कवितेतली होडी चांदीसारखी चमकते. माझ्या होडीला मात्र रंगाचे पोपडे? मला स्टील पाहिजे होते. कठडा, दोर बांधायच्या कड्या, नट-बोल्ट, सगळे स्टील. त्याने हैदराबादला जाऊन पाइप आणला. "तीनशे चार नंबरचा हाय, भुजंगा. तुझे नातवंडं वापरतील," म्हणाला.

वर्षाच्या आत कठड्यावर तांबडे ठिपके आले.

ज्याला विचारावे तो म्हणे, स्टीलला गंज येतच नसतो. अरे, मग हे काय आहे, कुंकू? हरिओम फोनवर म्हणाला, विकून टाका. सुट्टीला आलेल्या सूनबाई शिल्पा मदतीला ब्लिचिंग पावडर घेऊन धावल्या, त्याने ठिपक्यांचे चट्टे झाले. शेवटी मी लोखंडी तारेचा ब्रश आणला आणि दर शनिवारी दोन-दोन तास कठडा घासू लागलो. घासला की लखलखायचा. पुढच्या शनिवारी पहिल्यापेक्षा जास्त तांबडा. मग मी आणखी जोर लावायचो. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "तेवढ्या जोरानं एक दिवस घरातले भांडे घासले असते, तर माझा जन्म सुधरला असता."

असे दोन वर्षे चालल्यावर माझे डोके फिरले. फाट्यावर बसवंतच्या हॉटेलात बाजाराच्या दिवशी, वीस-पंचवीस माणसांदेखत, मी उमाशंकरला म्हणालो, "उम्या, तू माझ्या होडीला डुप्लिकेट स्टील लावलंस. पहिलीपासूनच्या दोस्ताला फसवलंस."

तो उठला नाही, ओरडला नाही. बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "भुजंगा, तू ते कशानं घासून राहिलास, ते मला दाव."

मला वाटले, चोर विषय बदलतो आहे. मी ब्रश दाखवला नाही. उलट आणखी चार शब्द बोललो. ते इथे लिहीत नाही, बसवंतला पाठ आहेत.

गावाला खात्री पटली. लोक गेट आणि खिडक्या दुसरीकडून करून घेऊ लागले. दीड वर्षात उमाशंकरने दुकान उचलले आणि भोकरला नेले. हॉटेलातल्या त्या बोलण्याला आता अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत मी दर शनिवारी कठडा घासला आणि दर शनिवारी त्याला मनात शिव्या दिल्या.

गेल्या दिवाळीत नात वर्षाराणी आली. ज्ञानेश्वरीची मुलगी, निलंग्याकडे दुधाच्या शीतकरण केंद्रात नोकरीला आहे. मी घासत होतो. तिने माझ्या हातातला ब्रश पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आबा, आमच्या टाकीला कुणी लोखंडी ब्रश लावला तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतेत." म्हणाली, ब्रशाच्या लोखंडाचा कीस स्टीलच्या ओरखड्यांत बसतो, गंज आधी त्याला धरतो, मग खाली उतरतो. मी म्हणालो, शहाणपणा शिकवू नको. ती म्हणाली, मग डावी बाजू माझी, उजवी तुमची.

तिने किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणले. कोमट पाण्यात कालवून फडक्याने लावले, थोड्या वेळाने मऊ घासणीने पाइपाच्या लांबीने हलके पुसले, साध्या पाण्याने धुतले, कोरडे केले. उजवी बाजू मी माझ्या पद्धतीने घासत राहिलो, हट्टाने, होळीपर्यंत. डावी बाजू आज कवितेतल्यासारखी आहे. उजवी तांबडी आहे.

पाइप तोच. तो लावणारा माणूस तोच. पाणी तेच. म्हणजे उमाशंकरने मला अकरा वर्षांपूर्वी अचूक प्रश्न विचारला होता आणि उत्तर माझ्या हातात होते. त्याने दिलेले स्टील खरे होते. ते मी खराब केले. त्याचे दुकान मी उठवले. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे, दाखला जोडला आहेच.

कलम ६. होडी वर्षाराणीला. तिला पोहता येते आणि कोणाचे ऐकत नाही, दोन्ही गुण होडीला लागतात. उजवी बाजू तिने माझ्या हयातीत साफ करू नये. मला ती पाहण्याची गरज आहे. उजवीकडची दोराची कडी मात्र आतून खाल्ली गेली आहे, ती लगेच बदलावी. कोणाकडून, ते तिला कळते.

कलम ७. उमाशंकरला शेतातला आंब्याखालचा तुकडा द्यावा असे मनात होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, कागद कच्चा होतो. तुकडा द्यायचा की सही मागायची, यावर मी चार दिवस चिडचिड केली. तुकडा त्याने घेतला नसता. म्हणून त्याला काही देत नाही, उलट मागतो आहे.

हा कागद घरी वाचू नये. बसवंतच्या हॉटेलात, बाजाराच्या दिवशी, तेव्हा जिथे बसून बोललो त्याच बाकावर बसून मी स्वतः वाचणार आहे. वर्षाराणी भोकरला जाऊन निरोप देऊन आली आहे. त्याने येतो म्हटले नाही, नाही येत असेही म्हटले नाही. तिला मात्र ताक पाजले.

तारेचा ब्रश टेबलावर, या कागदाशेजारी ठेवला जाईल. तो कोणाच्याही वाटणीत नाही.

स्थळ: डोहगाव फाटा
दिनांक: ८ एप्रिल २०२५

सही: भुजंग नागोराव पवळे

मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्यासमोर वाचून सही केली. आम्ही त्याच्यासमोर साक्ष करतो.

साक्षीदार १. बसवंत मारोती इंगळे, हॉटेलमालक. (ते चार शब्द मी विसरलो आहे.)

साक्षीदार २. उमाशंकर विश्वनाथ पांचाळ, राहणार भोकर. ब्रश पाहिला. लई उशिरा दावलास. कडीचं माप घ्यायला होडीकडं चाललो.